पाहुण्यांचा होकार आला, आता सुरक्षेचं बघा: नागपुरातल्या नव्या आयोजकांसाठी

मोठ्या पाहुण्यांचा होकार आला की समितीच्या ग्रुपवर मंडप, शाल-श्रीफळ आणि जेवणाच्या मेनूची चर्चा धडाक्यात सुरू होते. सुरक्षेचा विषय निघतो तो आदल्या दिवशी, आणि तोही 'दहा-वीस बाउन्सर सांगून टाका' इथवरच जातो. हा लेख अशा समितीत पहिल्यांदाच जबाबदारी अंगावर आलेल्यांसाठी आहे. कॉलेजचं स्नेहसंमेलन असो, साहित्य संस्थेचा सोहळा असो, मंडळाचा गणेशोत्सव असो की शोरूमच्या उद्घाटनाला येणारी अभिनेत्री, कामाची पद्धत फारशी बदलत नाही. सुरक्षा एजन्सीत नुकतंच सुपरवायझर झालेल्या मुलामुलींनाही तो उपयोगी पडेल.

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. पाहुण्यापर्यंत पोहोचायच्या वाटा मोजा आणि जेवढ्या बंद करता येतील तेवढ्या करा. माणसं किती लागतील हा हिशेब त्यानंतरचा. सहा दारं उघडी असलेल्या सभागृहात पन्नास जण उभे केले तरी कुठून ना कुठून कोणीतरी आत येतंच. दोनच दारं ठेवली तर आठ कसलेली माणसं पुरतात.

पाहुण्यांसोबत कोण येणार, हे आधी विचारा

काही पाहुण्यांना सरकारी सुरक्षा असते. एक्स, वाय, वाय प्लस, झेड, झेड प्लस या तिच्या श्रेणी. केंद्राच्या यादीतल्या व्यक्तींचा निर्णय केंद्रीय गृह मंत्रालय घेतं, राज्याच्या यादीतल्यांचा राज्य सरकार. काहींना ती पदामुळे मिळते, बाकीच्यांना गुप्तचर यंत्रणांनी मांडलेल्या धोक्याच्या अंदाजावरून. एसपीजी, म्हणजे पंतप्रधानांच्या संरक्षणासाठीचं विशेष पथक, हा वेगळा विषय आहे. १९८८च्या कायद्यात २०१९मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून हे सुरक्षाकवच विद्यमान पंतप्रधान आणि त्यांच्यासोबत अधिकृत निवासस्थानी राहणारे जवळचे कुटुंबीय यांच्यापुरतं आहे. माजी पंतप्रधानांना ते पद सोडल्यापासून पाच वर्षं मिळतं. केंद्राच्या यादीतल्या इतरांभोवती सीआरपीएफ किंवा सीआयएसएफचे जवान दिसतात, राज्याच्या यादीतल्यांसोबत राज्य पोलिसांचे अंगरक्षक.

आयोजकाला यातली श्रेणी 'मागवता' येत नाही. पाहुण्यांची जी सुरक्षा असेल ती त्यांच्यासोबत येते आणि नागपूर पोलीस तिला स्थानिक बंदोबस्ताची जोड देतात. म्हणून होकार आल्याच दिवशी पाहुण्यांच्या कार्यालयाला विचारा: सुरक्षा आहे का, कोणाची आहे, आणि त्या पथकाच्या प्रमुखाशी कोणी बोलायचं. पाहुणे दुसऱ्या राज्यातून येत असतील तर विमानाची किंवा गाडीची वेळ, मुक्कामाचं ठिकाण आणि परतीची वेळ लेखी घ्या. वेळा बदलल्या की पुन्हा लेखी घ्या. ही माहिती समितीतल्या दोन-तीन जणांपलीकडे जाऊ देऊ नका. पाहुणे कोणत्या हॉटेलात, कोणत्या खोलीत उतरणार हे ग्रुपवर पडलं की ते गावभर झालं असं समजा.

उच्च श्रेणीच्या पाहुण्यांसाठी त्यांचं पथक आधी येऊन जागा बघतं. याला एएसएल (अॅडव्हान्स सिक्युरिटी लिएझॉन) म्हणतात. पथक, स्थानिक पोलीस, अग्निशमन, बांधकाम आणि आरोग्य खात्याचे लोक, आयोजक असे सगळे एकत्र फिरतात. तिथे ठरलेली गोष्ट नंतर आपल्या मनाने बदलायची नाही. स्टेज चार फूट सरकवायचं असेल तरी आधी विचारायचं.

तारीख धरताना

नागपूरच्या आयोजकाने दोन गोष्टी कॅलेंडरवर आधी खुणावून ठेवाव्यात. पहिली, डिसेंबरच्या सुमाराचं हिवाळी अधिवेशन. त्या काळात शहरातली आणि बाहेरून आलेली पोलीस कुमक विधानभवन, रवि भवन, मोर्च्यांचे मार्ग यांत गुंतलेली असते. तुमच्या कार्यक्रमाला मंत्री यायला त्या दिवसांत सोपं जातं हे खरं, पण बंदोबस्ताला माणूस मिळणं तेवढंच अवघड. दुसरी, दसऱ्याचा आठवडा. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी लाखोंचा जनसागर लोटतो, रेशीमबागेत संघाचा विजयादशमी उत्सव असतो आणि देवीविसर्जनही त्याच दिवसांत. शिवाय मारबतीच्या दिवशी इतवारी-महाल भागात काहीही ठेवू नका.

मे महिन्याबद्दल मात्र मी आग्रहाने सांगतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण सोहळ्यात भर उन्हात बसलेल्या लोकांना उष्माघात झाला आणि १४ जण गेले. तिथल्यापेक्षा आपलं ऊन कितीतरी कडक, पारा ४५ अंशांना सहज टेकतो. मोठे पाहुणे असले की लोकांना दोन तास आधी आत घ्यावं लागतं, तपासणीसाठी पाण्याच्या बाटल्या बाहेर ठेवायला लावल्या जातात आणि पाहुणे तासभर उशिरा येतात. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की सुरक्षेची व्यवस्थाच लोकांच्या जिवावर उठते. बाटल्या बाहेर ठेवायला लावत असाल तर आत पाणी पुरवणं ही तुमची जबाबदारी. उन्हाळ्यात उघड्या मैदानावरचा कार्यक्रम संध्याकाळी सहानंतरच ठेवा.

पोलिसांकडे जाणं

अर्ज स्थानिक पोलीस ठाण्यात ठाणेदारांच्या नावे द्यायचा आणि पोच घ्यायची. किमान पंधरा दिवस आधी, मोठा कार्यक्रम असेल तर महिनाभर आधी. अर्जात काय हवं? कार्यक्रमाची जागा, वेळ, अपेक्षित संख्या, पाहुण्यांची नावं, सुरक्षा एजन्सीचं नाव आणि परवाना क्रमांक, आणि आयोजकांपैकी एकाच जबाबदार माणसाचं नाव व मोबाइल. संख्या कमी लिहायचा मोह होतो, कारण कमी लिहिलं की परवानगी लवकर मिळेल असं वाटतं. तसं करू नका. लिहिलेल्या संख्येवरूनच बंदोबस्त ठरतो.

सोबत जागामालकाचं ना-हरकत पत्र लागेल. मैदान महापालिकेचं आहे, सुधार प्रन्यासचं आहे की एखाद्या संस्थेचं, त्यावर ते कोणाकडून घ्यायचं हे ठरतं. मग महापालिकेच्या अग्निशमन विभागाचं पत्र, मंडपाची आणि विजेच्या जोडणीची तपासणी, वाहतूक शाखेशी पार्किंगबद्दल बोलणी आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद, हे २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार. पाहुणे उशिरा आले म्हणून वेळ आपोआप वाढत नाही. ड्रोनने शूटिंग करायचं असेल तर पोलिसांना आधी सांगा आणि सोनेगाव विमानतळाचा परिसर जवळ असेल तर विचारच सोडा.

पाहुण्यांना सरकारी सुरक्षा नाही, पण धमकी आली आहे, असंही होतं. समाजमाध्यमावरचा मजकूर असो की फोन, त्याचा स्क्रीनशॉट वेळेसकट जपून ठेवा आणि लेखी तक्रारीसोबत ठाण्यात द्या. 'कार्यक्रमाला गालबोट लागेल' म्हणून दडवून ठेवणारे आयोजक पाहुण्यांना धोक्यात टाकतात.

खासगी एजन्सी निवडताना

खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५चा केंद्रीय कायदा आहे. परवान्याशिवाय एजन्सी चालवणं गुन्हा आहे आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा २५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून कोटेशनच्या आधी परवान्याची प्रत मागा आणि मुदत बघा. केंद्राच्या आदर्श नियमांप्रमाणे नव्या रक्षकाचं प्रशिक्षण किमान १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष असं असतं. तुमच्या कार्यक्रमाला येणाऱ्यांपैकी किती जणांचं ते झालंय हे विचारायला लाजू नका. पोलीस किंवा लष्करासारखा दिसणारा गणवेश खासगी रक्षकाला चालत नाही.

बाउन्सरबद्दल थोडं. जिममधून थेट उचललेली, काळ्या टी-शर्टातली मुलं फोटोत भारदस्त दिसतात. गर्दीला ढकलण्याची सवय असलेला माणूस मात्र स्वतःच धोका असतो, कारण एक धक्का पुढच्या पन्नास लोकांपर्यंत जातो. मला विचाराल तर निवृत्त पोलीस हवालदार किंवा माजी सैनिक सुपरवायझर म्हणून घ्या, निम्म्या स्त्रिया घ्या आणि दोघा-तिघांना तरी प्रथमोपचार येत असू द्या.

आणि त्यांना अधिकारांची मर्यादा समजावून सांगा. खासगी रक्षक पोलीस नाही. तो तपासणीची विनंती करू शकतो, नकार देणाऱ्याला प्रवेश नाकारू शकतो. जबरदस्तीने झडती घेणं, मोबाइल हिसकावणं, मारहाण यातलं काहीही तो करू शकत नाही. डोळ्यांदेखत गंभीर दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला कोणीही नागरिक पकडू शकतो. पण विनाकारण उशीर न करता, सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या हवाली करावं लागतं, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहिता सांगते. तुमच्याकडे तर पोलीस गेटवरच असतील, तेव्हा काही मिनिटांत सोपवा.

जागा पायी फिरा

देशपांडे सभागृह असो, सुरेश भट सभागृह असो की रेशीमबाग मैदान, कार्यक्रमाच्याच वेळेला, म्हणजे संध्याकाळचा असेल तर संध्याकाळीच, एकदा पायी फिरा. सोबत एक कोरा कागद. त्यावर प्रत्येक दार, जिना, स्वच्छतागृह, साउंडवाल्यांचं सामान येतं ती मागची वाट, केटररची गाडी लागते ती जागा हे सगळं काढा. मग पेन्सिलने ठरवा: ही वाट बंद, ही फक्त पाहुण्यांची, ही कलाकारांची, ही लोकांची. बंद केलेली वाट म्हणजे कुलूप नव्हे, हे लक्षात ठेवा. आग लागली तर तीच लोकांची सुटकेची वाट असते. तिथे कडी आणि कडीजवळ माणूस ठेवा.

उंचावर बघायला विसरू नका. शेजारच्या इमारतीची गच्ची, अर्धवट बांधकाम, पाण्याची टाकी. १३ जुलै २०२४ रोजी अमेरिकेत बटलर इथे ट्रम्प यांच्या सभेत हल्लेखोर सुरक्षा कड्याच्या अगदी बाहेरच्या छतावरून गोळ्या झाडू शकला. आतल्या कड्यात माणसांची कमी नव्हती. ते छत नेमकं कोणी सांभाळायचं यात यंत्रणांचा मेळ बसला नव्हता. गच्चीच्या मालकाशी आपण स्वतः बोलावं आणि तिथे माणूस ठेवणं पोलिसांवर सोपवावं.

शेवटी एक खोली शोधा. स्टेजपासून जवळची, एकच दार असलेली, खिडकी रस्त्याकडे नसलेली. काही गडबड झाली तर पाहुण्यांना आधी तिथे न्यायचं. बऱ्याचदा ग्रीन रूमच ती खोली होऊ शकते, फक्त तिथे हार, बक्षिसं आणि समितीच्या बायका-पोरांच्या बॅगा भरून ठेवू नका. बॉम्ब शोधक पथकाने श्वानासह जागा तपासली की ती सील झाली असं धरा. त्यानंतर आत येणारा प्रत्येक बुके, प्रत्येक खोका पुन्हा तपासला जाईल. 'अहो, आपलाच फुलवाला आहे' हे चालत नाही.

गेटवर

मेटल डिटेक्टरचं दार विजेवर चालतं, त्यामुळे जनरेटरची जोडणी त्याला हवीच. ते सपाट जमिनीवर उभं करा, लोखंडी बॅरिकेडपासून लांब, नाहीतर प्रत्येकाला बीप वाजत राहतो आणि अर्ध्या तासाने रक्षक तिकडे लक्ष देणंच सोडतात. हातातला डिटेक्टर खांद्यापासून घोट्यापर्यंत, पुढून आणि मागून, अंगापासून दोन बोटं अंतरावर फिरवायचा. स्त्रियांची तपासणी स्त्रीनेच, पडद्याआड. बॅगा टेबलावर उघडायच्या आणि सामान मालकालाच बाहेर काढू द्यायचं.

या कंटाळवाण्या कामाचं महत्त्व साहित्य कार्यक्रमवाल्यांनी विशेष समजून घ्यावं. १२ ऑगस्ट २०२२ रोजी अमेरिकेतल्या शटाक्वा इथे सलमान रश्दी व्याख्यानाला स्टेजवर बसले असताना हल्लेखोर चाकू घेऊन थेट त्यांच्यापर्यंत गेला. प्रेक्षागृहात येणाऱ्यांच्या बॅगा तपासल्या जात नव्हत्या. 'आपल्याकडे सुसंस्कृत श्रोते येतात' हे वाक्य नागपुरातही मी फार ऐकतो.

ओळखपत्रांबद्दल एवढंच: रंग वेगळे ठेवा, फोटो ठेवा, आणि गणवेश किंवा लाल दिवा म्हणजे ओळखपत्र समजू नका. १ जून २००६ च्या पहाटे महालातल्या संघ मुख्यालयावर हल्ला करायला आलेले तिघे दिव्याच्या गाडीतून, पोलिसांच्या वेशात आले होते. बाहेरच्या नाकाबंदीवरच्या पोलिसांना संशय आला आणि ते तिघे तिथेच मारले गेले. बाहेरच्या कड्यातला माणूस जागा होता म्हणून आतलं सगळं वाचलं.

स्टेज: खरी कसोटी

पाहुणे सर्वात उघडे पडतात ते सत्काराच्या दहा मिनिटांत. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची मारेकरी हार घेऊनच त्यांच्यापर्यंत पोहोचली होती. आपल्याकडे आजही हार घेतलेल्या माणसाला कोणी अडवत नाही.

सत्कार करणाऱ्यांची यादी आदल्या दिवशी बंद करा. दहा नावांच्या पुढे जाऊ नका. सगळे सत्कारकर्ते पहिल्या रांगेत एका बाजूला बसवा, त्यांची नावं पुकारली की एका जिन्याने वर, दुसऱ्या जिन्याने खाली. हार-बुके समितीच्या दोघींच्या हातात राहतील, सत्कारकर्त्याने घरून आणलेला चालणार नाही. सूत्रसंचालकाला बजावून ठेवा की 'ज्यांना सत्कार करायचा आहे त्यांनी मंचावर यावं' हे वाक्य काहीही झालं तरी उच्चारायचं नाही. त्या एका वाक्याने महिनाभराचं नियोजन उधळलं जातं.

जिन्याच्या पायथ्याशी यादी घेऊन उभा राहणारा माणूस शांत आणि गोड बोलणारा हवा. कारण कडक इस्त्रीचा कुर्ता घातलेले एक भाऊ येणारच आणि म्हणणारच, "मले ओळखत नाही का बे तू?" त्यावर उत्तर असं: "ओळखतो ना साहेब. यादीत नाव नाही दिसून राहिलं, तुम्ही या खुर्चीवर बसा, मी समितीच्या दादांना आत्ता फोन लावतो." भाऊंना खुर्ची मिळाली, मान मिळाला, आणि जिना मोकळा राहिला. वाद घालायचा नाही, हात लावायचा नाही, आणि वाटही सोडायची नाही. हे वाक्य मी नव्या मुलांकडून चार-चारदा म्हणवून घेतो.

स्टेजवरच्या खुर्च्या मोजून लावा. पाठीमागचा पडदा भिंतीला चिकटलेला हवा. पडद्यामागे पोकळी राहत असेल तर तिथे एक माणूस कायम. नारा शहरात ८ जुलै २०२२ रोजी शिंझो आबे रस्त्यावर भाषण करत होते आणि त्यांच्या मागची बाजू मोकळी होती. पहिल्या आणि दुसऱ्या गोळीत अडीच सेकंदांच्या आसपास अंतर होतं, तेवढ्यात त्यांना कोणी झाकू शकलं नाही. म्हणून अंगरक्षक सोडून स्टेजजवळच्या प्रत्येक रक्षकाचं तोंड लोकांकडे हवं. भाषण ऐकत स्टेजकडे बघणारा रक्षक तिथे नसल्यातच जमा.

स्टेज आणि पहिल्या रांगेत मोकळी जागा सोडा, बल्ल्या-बांबूंपेक्षा लोखंडी बॅरिकेड बरे. छायाचित्रकारांना एका कोपऱ्यात उंच चौथरा द्या, म्हणजे ते समोर धावत नाहीत. सेल्फी हवीच असेल तर कार्यक्रमानंतर ग्रीन रूमबाहेर, नावं ठरवून, पाच मिनिटं.

येणं-जाणं

विमानतळावरून शहरात यायला वर्धा रोड. तिथला डबलडेकर उड्डाणपूल ३.१४ किलोमीटरचा आहे आणि एकदा ताफा वर चढला की मधे उतरता येत नाही. पुढे वाहन बंद पडलं तर अडकलाच. म्हणून पुलाखालचा रस्ताही बघून ठेवा आणि कोणता घ्यायचा हे पायलट गाडीतल्या पोलिसांना ठरवू द्या. आयोजकांच्या आठ-दहा गाड्या ताफ्यात घुसवू नका. स्वागताला विमानतळावर दोन माणसं पुरे.

गाडी थांबायची जागा दारापासून दहा पावलांच्या आत असावी. ढोल-ताशा, फुलांची उधळण, फटाके तिथे नकोत. फटाक्यांच्या आवाजात गोळीचा आवाज वेगळा कळत नाही. परतीची गाडी पाहुणे बोलायला उठले की तोंड फिरवून, चालकासह तयार. चालक चहाला गेला आणि पाहुणे गर्दीत उभे, हे मी फार वेळा पाहिलंय.

गर्दीही आपलीच

पाहुण्यांना सुखरूप नेलं म्हणजे काम झालं असं मानू नका. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी याच शहरात, अधिवेशनावर आलेल्या गोवारी बांधवांच्या मोर्च्यात चेंगराचेंगरी होऊन ११४ जणांचा जीव गेला. त्यात बायका आणि लेकरं होती. झिरो माइलजवळचं त्यांचं स्मारक प्रत्येक आयोजकाने एकदा जाऊन बघावं.

पाहुणे निघाले की लोक एकदम त्यांच्या दाराकडे धावतात. म्हणून निघण्याच्या आधी स्टेजवर काहीतरी चालू ठेवा, गाणं, बक्षीस वाटप, काहीही. पाहुण्यांची वाट आणि लोकांची वाट एकमेकींना छेदू देऊ नका. मैदानावर बॅरिकेडचे कप्पे करा, मधे रुग्णवाहिका जाईल एवढी गल्ली सोडा. जागा भरली की गेट बंद करायचं आणि बाहेर स्क्रीन लावायचा. 'आणखी थोडे घ्या' म्हणणाऱ्याचं ऐकायचं नाही, मग तो समितीचा अध्यक्ष असला तरी.

काही घडलंच तर

तिघांची कामं आधी वाटून ठेवा. एकाने माइक घ्यायचा आणि शांत आवाजात लोकांना कोणत्या दाराने जायचं ते सांगायचं. दुसऱ्याने ११२ वर आणि जागेवरच्या पोलीस अधिकाऱ्याला कळवायचं. तिसऱ्याने रुग्णवाहिकेसोबत राहायचं. मेडिकल, मेयो, वर्धा रोडच्या बाजूला असाल तर मिहानमधलं एम्स, यातलं जवळचं कोणतं आणि त्या वेळेला तिथे जायला किती मिनिटं लागतात हे आधी गाडीने जाऊन बघा. पाहुण्यांचा रक्तगट त्यांच्या पथकाला माहीत असतो. पथक नसेल तर सहायकाला विचारून ठेवा. अंगरक्षक पाहुण्यांना उचलून नेत असतील तर मदतीच्या भरात मधे पडू नका, वाट सोडा.

वॉकीटॉकी किंवा फोन, जे काही असेल, त्यावर खासगी सुपरवायझर आणि पोलीस यांच्यात एकच दुवा ठेवा. दहा जणांनी दहा ठिकाणी फोन केले की कोणालाच काही कळत नाही.

दुसऱ्या दिवशी

कार्यक्रम निर्विघ्न झाला तरी त्याच रात्री सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. जुनं रेकॉर्डिंग काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. गेटवर जमा झालेल्या आणि न नेलेल्या वस्तूंची यादी करून ठाण्यात द्या. रक्षकांचे पैसे एजन्सीच्या हिशेबात अडकवू नका. आणि ठाणेदार, वाहतूक शाखेचे अधिकारी, सुपरवायझर यांच्यासोबत अर्धा तास बसून कुठली वाट उघडी राहिली होती ते कालच्याच नकाशावर लाल पेनाने लिहून ठेवा. पुढच्या वर्षी समिती बदलेल, तेव्हा तो कागद नव्या माणसाच्या हातात द्या.